खरं-खोटं तपासायला शिकताना आणि शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबाग-परळ भागातल्या एका वाचनालयात आणि बोलावलं तर सोसायट्यांच्या हॉलमध्ये आम्ही काही जण मिळून बातम्या, फॉरवर्ड आणि दावे तपासायला शिकवतो. वर्गाला येणारे लोक, त्यांचे घरचे आणि जिन्यात थांबवून विचारणारे शेजारी यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

वर्गात नेमकं काय शिकवता?

कुठला मेसेज खरा आणि कुठला खोटा याची यादी आम्ही देत नाही. उद्या नवा मेसेज येतो आणि यादी कामाची राहत नाही. आम्ही तीन प्रश्नांची सवय लावतो. हे कोण सांगतंय? त्याला हे कसं कळलं? आणि ज्याचा याच्याशी संबंध नाही अशा दुसऱ्या कुणी तेच सांगितलंय का? सगळी साधनं, ॲप आणि युक्त्या या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायलाच वापरायच्या असतात.

एखादा चुकीचा मेसेज पुढे गेला तर एवढं काय बिघडतं?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठार मारलं. ती माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती आणि भिक्षा मागायला आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज त्याआधी मोबाइलवर पसरले होते. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशाच अफवेच्या वातावरणात मारले गेले. मुंबईतही हे घडलंय. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर दोनच दिवसांत जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची, त्सुनामी आल्याची आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं.

मुलं पळवण्याचा मेसेज पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना आपल्या नात्यातल्या, शेजारच्या पोरांची काळजी होती. म्हणून वर्गात आम्ही फॉरवर्ड करणाऱ्याला मूर्ख म्हणत नाही, म्हणूही देत नाही. ज्याला काळजी वाटते तोच पाठवतो, आणि त्या काळजीला दोन मिनिटं थांबायला शिकवणं हे खरं काम आहे.

मेसेज आला. सुरुवात कुठून करायची?

आधी व्हॉट्सॲपच्या मेसेजवरची खूण बघा. दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं, तर तो किमान पाच हातांतून आलेला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. एप्रिल २०२० पासून तशी मर्यादा आहे. खूण दिसली म्हणजे मेसेज खोटा ठरत नाही. पण पाठवणाऱ्या मावशींनी तो स्वतः लिहिलेला नाही, एवढं कळतं.

मग मेसेजच्या बाहेर पडा. ही गोष्ट लोकांना सगळ्यात अवघड जाते. आपण तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचतो, भाषा बरी आहे का, शिक्का नीट आहे का, हे बघत बसतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक तथ्यतपासनीस, इतिहासाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी यांची तुलना केली. तपासनीस अनोळखी संकेतस्थळावर फार वेळ थांबतच नव्हते. ते लगेच दुसरी टॅब उघडून ‘ही मंडळी कोण’ हे इतरत्र शोधत होते. प्राध्यापक मात्र त्याच पानावर रेंगाळत होते. शिकलेल्या माणसाला वाचून सगळं कळतं असं वाटतं, आणि तिथेच तो अडकतो.

आमच्या वर्गात हमखास येणारा नमुना म्हणजे शासन निर्णय, म्हणजे जीआर. पेन्शन, शाळेची सुट्टी, नवीन योजना, काहीही असतं. वर राजमुद्रा, खाली सही, सगळं झकास. खऱ्या जीआरच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं: हा शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो आकडा घ्यायचा, शासनाच्या जीआरच्या संकेतस्थळावर टाकायचा आणि निघालेली फाइल मेसेजमधल्या फाइलशी ओळीनं ताडून बघायची. ओळीनं हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण खऱ्या जीआरमधली तारीख किंवा रक्कम बदलून फिरवता येते, आणि मग संकेतांक खरा आणि मजकूर खोटा असं होतं. एकदा हे हातानं केलं की पुढे शिक्का पाहून कुणी भुलत नाही. पहिल्यांदा स्वतः शोधून काढल्यावर साठीतल्या बायकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यासाठीच हा वर्ग चालवावासा वाटतो.

पावसाळ्यात दर वर्षी तेच व्हिडिओ येतात. जुना व्हिडिओ कसा ओळखायचा?

यात मुंबईकरांइतकी चांगली माणसं जगात नसतील, कारण हे शहर आपल्याला पाठ आहे. व्हिडिओ थांबवा आणि कडेकडेनं बघा. मधल्या पाण्याकडे बघून काही कळत नाही.

स्टेशनची पाटी ‘एल्फिन्स्टन रोड’ अशी असेल, तर ते दृश्य २०१८ च्या नामांतरानंतरचं असायची शक्यता फार कमी. आता तिथे प्रभादेवी आहे. पाण्यातून काळीपिवळी पद्मिनी चाललेली दिसली, तर ऑक्टोबर २०२३ च्या आधीचं समजा. त्यानंतर त्या टॅक्स्या रस्त्यावरून कायमच्या हटल्या. बेस्टची जुनी डिझेलची लाल डबलडेकर दिसली, तर सप्टेंबर २०२३ च्या आधीचं. मागे वांद्रे-वरळी सागरी सेतू असेल तर २००९ नंतरचं. गाड्यांच्या पाट्या वाचता आल्या तर बघा: एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. सगळ्याच पाट्या दुसऱ्या राज्याच्या असतील किंवा गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालत असतील, तर हे दादर-परळचं, दर पावसात तुंबणारं ‘हिंदमाता’ नव्हे.

इथे एक काळजी घ्यावी लागते. पद्मिनी दिसली तर व्हिडिओ जुना, पण पद्मिनी दिसली नाही म्हणून तो नवा ठरत नाही. एक खूण फक्त एका बाजूची मर्यादा सांगते. दोन-तीन खुणा मिळाल्या की मगच काळ आवळत आणता येतो.

यानंतर पाटी किंवा इमारत स्पष्ट दिसणाऱ्या क्षणाचा स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये टाका. टिनआय हेही चांगलं आहे, तिथे सगळ्यात जुनं सापडलेलं चित्र आधी लावून बघता येतं. तोच फोटो चार वर्षांपूर्वीच्या बातमीत दिसला की प्रश्न मिटला.

पण पावसाची खरी माहिती मग कुठे बघायची?

अंदाज आणि इशारे हवामान खात्याचे, भरतीच्या वेळा आणि शाळांच्या सुट्ट्या महापालिकेच्या अधिकृत खात्यावर. आपत्कालीन मदतीसाठी १९१६.

आणि ‘मी स्वतः बघितलं’ हे ऐकताना कुठून बघितलं ते विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. त्या संध्याकाळी फोर्टमधला माणूस ‘एवढं काही नाही’ म्हणाला असता आणि कलिन्यातला ‘शहर बुडालं’ म्हणाला असता, आणि दोघंही प्रामाणिक असते.

तुम्ही लोकांच्या श्रद्धेला हात घालता का?

देव आहे की नाही हा आमच्या वर्गाचा विषय नाही. जो दावा डोळ्यांनी, हातानं किंवा मोजमापानं तपासता येतो, तेवढाच आम्ही घेतो. महाराष्ट्रात हे काम नवं नाही. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव चमत्कार करून दाखवले आणि लगेच त्यामागची क्रिया उलगडून सांगितली. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. प्रश्न विचारण्याची किंमत आपल्या राज्यानं पाहिलेली आहे, आणि तरी संविधानाचं कलम ५१क विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगतं.

माहीमची गोष्ट आम्ही प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. १८ ऑगस्ट २००६ च्या रात्री माहीमच्या खाडीजवळ समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि हजारो लोक बाटल्या घेऊन किनाऱ्यावर आले. लोक ते पाणी प्याले, घरी नेलं. प्रशासन ‘पिऊ नका’ म्हणून सांगत होतं, कारण मिठी नदी आपल्याबरोबर शहरातलं सांडपाणी घेऊन तिथेच समुद्राला मिळते.

वर्गात ही गोष्ट निघाली की काही जण हसतात. आम्ही त्यांना थांबवतो. पाणी खरंच कमी खारट लागत होतं! लोकांची जीभ खोटं बोलत नव्हती. भर पावसाळा होता, मिठीतून गोडं पाणी येत होतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं काही काळ वरच तरंगू शकतं. आयआयटी मुंबईच्या भूशास्त्रज्ञांनी असंही सांगितलं की खडकांच्या भेगांत साठलेलं पावसाचं पाणी समुद्रात आलं असावं. अनुभव खरा होता. ‘म्हणून हा चमत्कार आहे’ आणि ‘म्हणून हे प्यायला चांगलं आहे’ या दोन उड्या मात्र लोकांनी स्वतः मारल्या. जे दिसलं ते एका कागदावर आणि त्यावरून जे ठरवलं ते दुसऱ्या कागदावर लिहायचं, हा आमचा सगळ्यात आवडता सराव इथूनच निघाला.

२१ सप्टेंबर १९९५ च्या ‘गणपती दूध पितो’ प्रकाराचंही तसंच. चमच्यातलं दूध कमी होताना लोकांनी पाहिलं ते खरंच होतं. वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळला तेव्हा ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानं खाली ओघळताना दिसलं. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीकडे ओढलं जातं. वर्गात आम्ही हे साध्या मातीच्या पुतळ्यावर करतो, देवाच्या मूर्तीवर करत नाही.

सासरे रोज आरोग्याचे मेसेज पाठवतात. त्यांना कसं सांगू?

ग्रुपवर सगळ्यांसमोर सांगू नका. चार नातेवाइकांत वडीलधाऱ्या माणसाचा पाणउतारा झाला की विषय मेसेजचा राहत नाही, मानाचा होतो. वेगळं भेटा किंवा फोन करा, आणि निकाल देण्याआधी विचारा. वर्गात एका ताईंनी सांगितलेलं संभाषण आम्ही जवळजवळ तसंच वापरतो. मेसेज होता की अमुक काढा घ्या आणि शुगरच्या गोळ्या बंद करा.

‘बाबा, हे कुणी पाठवलं तुम्हाला?’

‘मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आलंय. खाली डॉक्टरांचं नाव आहे बघ.’

‘हो, आहे की. कुठल्या हॉस्पिटलचे ते?’

‘ते नाही लिहिलेलं.’

‘मग आपल्याच डॉक्टरांना दाखवू या का? शनिवारी जायचंच आहे. तोवर गोळ्या नका थांबवू, मला काळजी वाटते.’

‘बरं, दाखवू.’

यात कुठेही ‘हे खोटं आहे’ आलं नाही. बाबांनी स्वतःच पाहिलं की हॉस्पिटलचं नाव नाही. सगळेच सासरे एवढ्यावर ऐकतील असं नाही. पण पुढच्या मेसेजला ते आधी नाव शोधतात, हे आम्ही वारंवार ऐकलंय.

दुरुस्ती सांगताना खरी माहिती आधी सांगा आणि खोटं वाक्य शक्यतो एकदाच उच्चारा. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटू लागते, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसत आलंय. ‘सांगितलं तर माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो’ हेही अनेक जण ऐकून येतात. २०१० च्या एका गाजलेल्या संशोधनात तसं दिसलं होतं, पण नंतरच्या मोठ्या प्रयोगांत ते क्वचितच आढळलं. तेव्हा सांगायला घाबरू नका.

आमच्या ऑफिसात एक तासाचं व्याख्यान द्याल का?

देऊ, पण त्यानं फारसं काही होत नाही हे आधीच सांगू. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये सुमित्रा बद्रीनाथन यांनी लोकांच्या घरी जाऊन सुमारे तासाभराचं प्रशिक्षण दिलं. बाराशेहून अधिक लोक या प्रयोगात होते. एकंदरीत खोटी बातमी ओळखण्यात लक्षणीय फरक पडला नाही. नंतर त्याच राज्यात १३,००० हून अधिक शाळकरी मुलांवर प्रयोग झाला, या वेळी काही आठवड्यांत विभागलेले अनेक वर्ग घेऊन. तिथे फरक पडला, चार महिन्यांनीही टिकला, आणि मुलांच्या आई-वडिलांमध्येही थोडा दिसला.

आमचाही कल यामुळेच बदलला. एकच मोठा कार्यक्रम, बॅनर आणि सत्कार यापेक्षा दर आठवड्याला दहा-बारा माणसांचा छोटा वर्ग जास्त उपयोगी पडतो. प्रत्येकानं त्या आठवड्यात आलेला एक मेसेज आणायचा आणि तो सगळ्यांनी मिळून तपासायचा.

फॅक्ट-चेक करणाऱ्यांवर तरी विश्वास का ठेवायचा?

ठेवू नका, त्यांचंही तपासा. चांगला फॅक्ट-चेक आपला रस्ता दाखवतो: मूळ व्हिडिओ कुठे सापडला, कोणाशी बोललो, कोणती कागदपत्रं पाहिली. मुंबईतून चालणारं बूम किंवा अहमदाबादचं ऑल्ट न्यूज वाचताना निकालापेक्षा तो रस्ता वाचा आणि दिलेली एखादी लिंक उघडून बघा. पीआयबीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रेस इन्फर्मेशन ब्युरोचा, फॅक्ट-चेक विभाग २०१९ पासून आहे, पण तो केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरताच, आणि सरकारचाच आहे, हे लक्षात असू द्या.

सरकारबद्दलची कुठली माहिती खोटी हे सरकारच्याच एका विभागानं ठरवावं, अशी तरतूद २०२३ च्या आयटी नियमांतल्या दुरुस्तीनं आणली होती. तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. आम्हाला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याबद्दल दावा आहे त्यालाच शेवटचा शब्द दिला, तर आमच्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याला जागाच उरत नाही.

एआयला विचारून खात्री केली तर?

शोध कुठून घ्यावा याची कल्पना त्यातून मिळू शकते. पण ही साधनं नसलेले संदर्भ आणि न झालेले निकाल तितक्याच ठामपणे सांगतात, म्हणून त्यांनी दिलेलं मूळ कागदपत्र प्रत्यक्ष उघडून बघितल्याशिवाय ते धरायचं नाही. बनावट आवाज आणि व्हिडिओ ओळखणाऱ्या ॲपवरही विसंबू नका. मुलाच्या आवाजात पैशांसाठी फोन आला तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवला तर आणखी बरं.

पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला आणि ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाले तर?

कॉल बंद करा. अशी अटक कायद्यात नाही. कुठलीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे भरायला सांगत नाही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. एकट्या राहणाऱ्या आई-बाबांना हे दोनदा सांगा. ठगांची सगळी भिस्त ‘कुणाला सांगू नका’ या एका वाक्यावर असते, म्हणून ते वाक्य ऐकलं की लगेच घरच्या कुणालातरी सांगायचं, हा नियम घरात पक्का करा.

असं शिकून माणूस सगळ्यावरच संशय घ्यायला लागत नाही का?

ही भीती खरी आहे आणि आम्ही ती गंभीरपणे घेतो. ‘सगळेच खोटं बोलतात’ म्हणणारा माणूस तपासायचे कष्ट घेत नाही, आणि शेवटी ज्याचं आवडतं त्याचंच मानतो. म्हणून वर्गात निम्मी उदाहरणं आम्ही खरी निघणारी ठेवतो. ‘दहा रुपयांचं ते वेगळं नाणं चालतं का?’ हे तपासल्यावर उत्तर ‘हो’ येतं: रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलंय की तोवर निघालेल्या चौदाही नक्षींची नाणी वैध आहेत. ५०० च्या नोटेवर क्रमांकात तारा आहे म्हणून ती खोटी का? नाही, ती चालते, हेही बँकेनं स्पष्ट केलंय. तपासून विश्वास ठेवता येतो हा अनुभव लोकांना मिळायलाच हवा.

मुलांना कुठल्या वयापासून आणावं?

पाचवी-सहावीपासून चालेल. त्याहून लहान असतील तर घरीच ‘तुला कसं कळलं?’ हा प्रश्न खेळासारखा विचारा आणि त्यांनी तुम्हाला विचारला तर रागावू नका. शीव-चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र इथेही मुलांना न्या. हातानं करून बघायची सवय तिथे लागते.

आमच्या चाळीत असा वर्ग सुरू करायचा आहे. काय लागेल?

बसायला जागा, एक इंटरनेट असलेला फोन, आणि जमलं तर भिंतीवर दाखवायला प्रोजेक्टर. नसेल तर टीव्हीला फोन जोडा. पहिल्या दिवशी राजकारणाचा मेसेज घेऊ नका. पाऊस, पाणीकपात, वीजबिल, औषध असा विषय घ्या, म्हणजे कुणाची बाजू मध्ये येत नाही. पाणीकपातीसाठी सातही तलावांचा साठा महापालिका रोज जाहीर करते, तेव्हा पहिला सराव त्याचाच करा. राजकीय मेसेज तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणा, आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंचा एकेक ठेवा. मेसेज कुणी आणला त्याचं नाव फळ्यावर लिहू नका. वर्गाची वेळ संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या आधी ठेवली तर बायका जास्त येतात, आणि रविवारी मेगाब्लॉक असेल तर लांबून येणाऱ्यांना आदल्या दिवशीच कळवा.